ओढ्याखालून येणारा आवाज

चांदेवस्ती, ता. नेवासा
११ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप छगनमामांस,
कल्याणचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाल, कॉलेजात होता तोवर याला दोन ओळी सुचल्या नाहीत आणि आता बरा मामा आठवला. खरं आहे. काम आहे म्हणूनच लिहितोय.

आईनं कळवलं असेलच की मी पॉलिटेक्निक सोडलं. कारण मात्र तिनं वेगळं सांगितलं असणार. खरं कारण असं की डिसेंबरात पेपर चालू असताना निरोप आला, सुकन्याची सुपारी फुटली. शेवगावला दिली. मी उरलेला पेपर तसाच टाकून उठलो आणि नगरच्या स्टँडवर आलो. पुन्हा गेलो नाही, जाणारही नाही.

सुकन्या म्हणजे काकासाहेबांची. आमच्या उपसा संस्थेचे चेअरमन. नदीवरून मोटरीनं पाणी उचलून ज्यांची पाईपलाईन जमिनीखालून सगळ्या वस्तीला पाजते, तेच. दिवाळीत मी त्यांच्या ओट्यावर जाऊन सरळ मागणी घातली होती. आबा बरोबर यायला तयार नव्हते, म्हणून एकटाच गेलो. काकासाहेबांनी मला बसा म्हटलं नाही. सुपारी कातरत म्हणाले, "तुमच्या घरात मी मुलगी देणार नाही. कारण विचारू नको." मागे दारात ती उभी होती. तिच्यासमोर म्हणाले.

मामा, हे मी विसरणार नाही. त्यांना मान खाली घालायला लावीन तेव्हाच माझ्या घशाखाली घास उतरेल. कसं, ते आत्ता सांगत नाही, तुम्ही आईला सांगाल.

तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. पोटापाण्यासाठी मी एक यंत्र बनवलंय, जमिनीखालच्या पाईपची गळती वरून ऐकायचं. सुकन्याला द्यायला मी नगरहून वाजणारं ग्रीटिंग आणलं होतं. ते फोडलं. आत एक पितळी चकती असते. तिला करंट दिला की ती वाजते, आणि उलटं, तिला हादरा बसला की ती करंट देते. ती चकती एका लोखंडी खिळ्याला चिकटवली, खिळा जमिनीत, मग रेडिओचा ॲम्प्लिफायर आणि कानाला वॉकमनचा हेडफोन. सेन्सर म्हणतात याला. आवाज सगळा येतो, कळत काहीच नाही. तुम्ही वॉटर सप्लायमध्ये तीस वर्षं सळईला कान लावून पाईप ऐकले. मला ऐकायला शिकवा.

आपला,
कल्याण


राजूर, ता. अकोले
१९ जानेवारी

चि. कल्याणला मामाचा आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. पोरीसाटी पेपर टाकून उठनारा आपल्या खानदानात तू पहिलाच. तुजा आबा तर लग्नाच्या मांडवातनं बैलास्नी पानी पाजायला गेल्ता, तुज्या आईला, कडूला इचार.

आता कामाचं. तुजं यंत्र मला कळलं. माजी सळईच हाय ती, फक्त तिला तू शिकलेली केली. मी सांगतो ते पाठ कर.

एक. गळतीचा आवाज सूं येतो आन थांबत न्हाई. नळ सोडला तर आवाज चढतो आन उतरतो, मान्साच्या हाताबरुबर. गळती कन्हती, नळ बोलतो.

दोन. मोटर चालू झाली की अर्धा तास ऐकू नको. तवा पाईपात हवा बोलत आसती, ती खोटं बोलती.

तीन, आन हे सगळ्यात मोठं. एका जागी ऐकून निकाल देऊ नको. जिथं आवाज मोठा वाटंल तिथनं दोन्ही अंगाला चालत जा. दोन्हीकडं बारीक झाला तरच खाली खांद. आमचे साहेब लोक एकाच अंगाला चालायचे आन भलत्याचीच मोरी फोडायचे.

जोड करायचा आसंल तर तेबी शिकवीन. मी डावरा. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी मी उलटी गुंडाळतो, वर तांब्याच्या तारंचे तीन वेढे. चर उघडला की मिस्त्री लोक लांबूनच म्हनायचे, ह्यो छगनचा, ह्याला हात लावू नका, ह्यो गळनार न्हाई.

काकासाहेबाचा नाद सोड. मानूस वाईट न्हाई. पोरी गावात लई हायेत.

तुजा मामा,
छगन


चांदेवस्ती
८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,

तुमची तिन्ही कलमं भिंतीवर लिहून ठेवली. पंधरा दिवस सराव केला. आता मोटर किती फेऱ्यानं चालते तेही मला जमिनीवरून सांगता येतं. वस्तीतली माणसं यंत्राला 'कल्याणचा कान' म्हणतात. रंगुबाई, ती काकासाहेबांच्या लिंबोणीच्या बागेत लिंबं तोडायला जाते ना, तिच्या टाचेखाली खिळा रोवून तिला तिच्याच पावलांचा आवाज ऐकवला, तर म्हणाली, "बया, मी एवढी जड हाय व्हय?"

आता खरं सांगतो. यंत्र पोटापाण्यासाठी नाही.

आमच्या पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला गेली कित्येक वर्षं पाणी कमी पोचतं. झुंबरबाईच्या गव्हाला तर या खेपेला पाण्याची एकच पाळी मिळाली. सगळे म्हणतात कुठंतरी गळती आहे. मी म्हणतो चोरी आहे, आणि चोर खुर्चीवर बसलाय. पाईपलाईन काकासाहेबांच्या बागेतून जाते. त्यांची लिंबोण वैशाखात हिरवीगार असते. बागेच्या खाली ओढा, ओढ्याच्या अलीकडे आपलं रान. आपल्याला यात काही नफा नाही हे सगळे जाणतात, कारण आपली विहीर मे महिन्यातसुद्धा आटत नाही. आबांचं तेवढं एकच नशीब चांगलं. त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन आहे.

संस्थेची सभा पंधरा मार्चला आहे. त्याच दिवशी शेवगावचे पाहुणे बस्त्याचं ठरवायला यायचेत. सगळ्या सभासदांना घेऊन मी त्यांच्या बागेत चर उघडणार. व्याही मांडीला मांडी लावून बसलेले असताना. कारण विचारू नको म्हणाले होते ना, मी विचारणार नाही, दाखवणार.

मी संस्थेकडे रीतसर अर्ज दिला, की गळती शोधून देतो, फुकट. काकासाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "राहू दे, कल्याण. बघू पुढच्या वर्षी." बघितलंत? चेहरा पडला होता त्यांचा. पण शेवटच्या टोकाची माणसं ओरडली, तेव्हा सही करावी लागली.

आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना काकासाहेबांची भीती वाटते. मला त्यांची लाज वाटते.

कल्याण


राजूर
१६ फेब्रुवारी

चि. कल्याण,

तुजं पत्र चारदा वाचलं. आता माजं नीट ऐक.

त्या लायनीचा नाद सोड. जुनी लाईन हाय, शिमेटाचे पाईप, त्यात आवाज नीट येत न्हाई. तुज्या ग्रीटिंगच्या चकतीवर सभा बसवू नको. मान्साचा तीस वर्षांचा कान चुकतो, तुजा पंधरा दिवसांचा हाय.

इकडं ये. हितं धरणाच्या कामावरचे साहेब वळखीचे हायेत. तुजं यंत्र बघून तुला कामावर घेत्याल. मी शब्द टाकतो. येताना कडूलाबी आन, लई दिस झाले भेट न्हाई. पंधरा मार्चच्या आत ये.

आन आबाची लाज वाटती आसं परत लिवू नको. मान्साला कशाकशाची भीती आसती ते तुला अजून ठावं न्हाई.

मामा


चांदेवस्ती
२ मार्च

मामांस,

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं तोच म्हणतो ऐकू नको. तुम्हीही चेअरमन म्हटलं की वाकणारे निघालात. धरणावरची नोकरी तुमची तुम्हाला लखलाभ. ही गोष्ट अर्धी टाकून मी येणार नाही. अर्धं एकदाच टाकलं, पुरे झालं.

सापडलंय. नदीपासून एकेक पाऊल ऐकत आलो, तीन आठवडे लागले. सगळीकडे नुसतं पाणी वाहतंय. काकासाहेबांच्या बागेत शिरलो आणि शेवटच्या ओळीत, ओढ्याच्या काठावर, खिळा रोवला तर कानात सूंऽऽ. इतका स्पष्ट की हेडफोन काढावा लागला. मागे वीस पावलं गेलो, बारीक झाला. परत आलो, मोठा. दुसऱ्या अंगाला ओढा आहे, तिथं खडक आणि पाणी, खिळा जात नाही. पण जायची गरज काय? आवाज त्यांच्या बागेत आहे. तिथं लिंबाच्या खोडाला मी खडूनं खूण केली.

आवाज चढत-उतरत नाही हे खरं, तुमच्या हिशेबानं ती गळती झाली. पण कॉक कायमचा अर्धा उघडा ठेवला तर? चोर काय रोज येऊन कॉक फिरवतो?

खूण करताना काकासाहेब बांधावर उभे होते. अडवलं नाही. फक्त बघत होते, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाला झाडावर चढताना बघतो.

रंगुबाईबरोबर सुकन्याचा निरोप आला. चार महिन्यांत पहिला. म्हणते, "त्याला म्हणावं, एकदा ओढ्याच्या तुझ्या बाजूलापण ऐक." मामा, मला इतकं लागलं. मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं आणि ती मला सांगते, आधी स्वतःच्या घरात डोकाव. रक्त शेवटी बापाचंच. रंगुबाईला म्हटलं, तिला सांग, माझ्या बाजूला ऐकण्यासारखं काही नाही, आमच्याकडे सगळं उघड्यावर असतं.

पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता चर.

कल्याण


(पोस्टकार्ड)

राजूर
११ मार्च

चि. कल्याण, रविवारी खांदू नको. गुडघा सुजून मडक्यावानी झालाय, न्हाईतर मीच आलो आस्तो. कार्डावर समदं लिवता येत न्हाई, पोस्टमन वाचतो. चौथं कलम मी तुला शिकवलं न्हाई, मुद्दाम न्हाई शिकवलं. लोखंड आवाज वाहून नेतं. शिमेटात आवाज तिथल्या तिथं मरतो, पन लोखंडी तुकडा आसला तर ह्या टोकाचा आवाज त्या टोकाला निगतो. ओढ्याखाली तुकडा लोखंडी हाय. मला कसं ठावं ते इचारू नको. कडूला इचार. मामा


चांदेवस्ती
१८ मार्च

मामा,

तुमचं कार्ड सोमवारी मिळालं. धुळवडीची सुट्टी आडवी आली, पोस्टमन म्हणाला. रविवार होऊन गेला होता.

सांगतो कसा झाला.

दहाला सगळे बागेत जमले. चाळीस माणसं असतील. शेवगावचे पाहुणे ओट्यावर चहा घेत होते, त्यांनाही मी मुद्दाम बोलावून आणलं, म्हटलं, या, बघा, इकडं गंमत आहे. भावी नवरदेवसुद्धा आला, पांढरा शर्ट, बूट. सुकन्या बायकांमध्ये लिंबाच्या आडोशाला उभी होती. मी कुदळ स्वतः घेतली. त्या वेळी माझ्यासारखा सुखी माणूस जिल्ह्यात नसेल, मामा. प्रत्येक घावाला मला दिवाळीतला तो ओटा आठवत होता.

कमरेइतकं खोल गेल्यावर पाईप लागला. सगळे वाकले. माती कोरडी. कुठं ओल नाही, कॉक नाही, फाटा नाही. पण पाईप सिमेंटचा नव्हता. लोखंडी होता. मी खिळा त्याला टेकवला, कानात तोच सूं. झुंबरबाई म्हणाली, "आरं पोरा, कुठं हाय चोर?" कुणीतरी हसलं.

तेव्हा काकासाहेब चरात उतरले. धोतर सावरून माझ्या शेजारी उभे राहिले. हळूच म्हणाले, इतकं हळू की मलाच ऐकू गेलं, "हा तुकडा ओढ्याखालून तुमच्या रानात जातो, कल्याण. अजून वेळ हाय. यंत्र बिघडलं म्हण, मी मान हलवतो. माती लोटू."

मी वर बघितलं. ओढ्यापलीकडे आपल्या बांधावर आबा उभे होते. सभेला आले नव्हते, तिथं उभे होते. आई त्यांच्या मागे खाली बसली होती, डोक्यावरचा पदर तोंडात धरून. आणि मला एका क्षणात सगळं कळलं. मे महिन्यातली विहीर. आबांचं नशीब. तुमचं इकडं ये, इकडं ये. तिचा निरोप.

यंत्र बिघडलं म्हटलं असतं तर झालं असतं. तुम्हीसुद्धा मनातून हेच म्हणत असाल, की गप्प बसायचं होतं. पण मला त्यांची दया नको होती, मामा. जगातल्या कुणाचीही चालली असती, त्यांची नको होती. जन्मभर त्यांच्या मेहेरबानीखाली राहायचं, आणि ती शेवगावला जाऊन नवऱ्याला सांगणार की माझ्या बापानं एका पोराला वाचवलं. मी कुदळ उचलली आणि मोठ्यानं म्हणालो, "आवाज पलीकडून येतोय. चला."

ओढा ओलांडून मीच खणलं. आपल्याच रानात, आबांच्या पायाजवळ. आबा बाजूला सरकले, एवढंच. गुडघाभर खणल्यावर निघाला. लोखंडी पाईपावर जोड, जोडातून फाटा, फाटा सरळ विहिरीत, पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे पडायचा आवाजही नको. कुणी केलं म्हणून सगळे ओरडले. आबा म्हणाले, "मीच केलं." आबांना सायकलचं पंक्चरसुद्धा काढता येत नाही.

मी चरात बसून जोडावरची माती बोटांनी पुसत होतो. ट्यूबची पट्टी उलटी गुंडाळलेली. वर तांब्याच्या तारेचे तीन वेढे.



झुंबरबाई आईच्या अंगावर धावून गेली. बाकीचेही. तेव्हा काकासाहेब मध्ये उभे राहिले. पाहुण्यांकडे तोंड करून बोलले, माझ्याकडे नाही. "हा फाटा मला ठाऊक हुता. अकरा वर्षं. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात कडूबाई पाच महिने माझ्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेत हुती. एक दिवस यायची बंद झाली, तवाच समजलो. म्हटलं एक उन्हाळा निघू दे. मग दुसरा निघाला. मग बोलायची माझी मलाच लाज वाटायला लागली. चोर हे असतील, पण राखणदार मी हुतो. आजपासून मी चेअरमन न्हाई." डोक्यावरची टोपी काढली आणि तशीच हातात धरून घराकडे गेले.

म्हणजे बघा, मला हवं होतं ते सगळं झालं. व्याह्यांसमोर त्यांची मान खाली गेली, खुर्ची गेली, चर उघडला तो मीच. ठरवलेलं एकूण एक. आणि मी आपल्याच मातीत बसलेलो.

रंगुबाईनं नंतर सांगितलं. सुकन्यानं दिवाळीतच बापाला विचारलं होतं, त्याला नाही का म्हणालात. ते म्हणाले, सोयरीक केली तर लोक म्हणतील चेअरमननं व्याह्याला चोरून पाणी पाजलं, आणि खरं सांगितलं तर त्या पोराचं घर उठेल. तिला तेव्हापासून माहीत होतं. तिनं निरोप पाठवला तो टोमणा नव्हता. ती मला एकट्यानं ऐकायची संधी देत होती, चाळीस माणसं नसताना. मी ती रंगुबाईच्याच हाती परत पाठवली.

सगळे पांगल्यावर ती ओढा ओलांडून आली. पाहुणे बघत होते तरी आली. तांब्याभर पाणी आईच्या हातात दिलं, आई प्याली, तांब्या घेऊन ती परत गेली. माझ्याकडे बघितलं नाही. लग्न वीस एप्रिललाच आहे. मोडलं नाही.

फाटा कापला. संस्थेनं आपलं पाणी दोन वर्षं बंद केलं. विहीर तीन दिवसांत चार हात खाली गेली. आबा काठावर बसून बघतात. माझ्याशी बोलतात आता, गंमत म्हणजे. काल म्हणाले, "बरं झालं. झोप लागली."

आता तुमचं. तुमचं नाव मी कुणाला सांगितलं नाही. माया म्हणून नाही, गैरसमज नको. नाव मी माझ्यासाठी राखून ठेवलंय. काकासाहेबांवरचा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नव्हतं, आता जागा मिळाली. तुम्ही मला तीन कलमं शिकवलीत आणि चौथं पोटात ठेवलंत. भाच्याला दुसऱ्याच्या बागेत खणू दिलंत. कार्ड लिहायला तुम्हाला अकरा मार्च उजाडला.

कापलेला जोड पोत्यात शिवून अकोल्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. स्टँडवरून सोडवून घ्या. पट्टी मी सोडलेली नाही. ओळखा कुणाचा ते.

कल्याण


राजूर
२६ मार्च

चि. कल्याणला आशीर्वाद. घेशील तर घे.

पोतं मिळालं. उंबऱ्यातच उसवलं. माजाच.

तू लिवलं त्यातलं एकबी खोटं न्हाई. कडू त्या वर्षी हितं आली हुती, पायाला फोड घेऊन. म्हनाली, दादा, तुज्या हातात एवढी विद्या हाय. मी सामान घेऊन गेलो आन एका दुपारात करून आलो. चोरी करतोय आसं वाटलंच न्हाई, बहिणीचं काम करतोय आसं वाटलं. तुजा आबा नको म्हनत हुता. मी त्याला भित्रा म्हनलो. तू म्हनला तेच.

आन तू ऐकायला शिकीव म्हनून लिवलंस तवा मला इतका आनंद झाला, की तू हे कुठं लावशील त्याचा इचारच आला न्हाई. पोरगं माजी विद्या घेतंय, एवढंच दिसलं. नंतर कळलं तवा भ्यालो.

जोड पान्यात बुडवून तपासला. जुनी सवय. अकरा वर्षं मातीत राहून त्यातनं एक थेंब सुटला न्हाई. मिस्त्री लोक खरंच म्हनायचे. जल्मात पहिल्यांदा वाटलं, माजा हात जरा वाईट आस्ता तर बरं झालं आस्तं. गळला आस्ता तर पहिल्याच उन्हाळ्यात वर ओल दिसली आस्ती, चार शिव्या खाऊन मिटलं आस्तं. तू तवा नऊ वर्षांचा हुता. तुजं काय गेलं नस्तं.

गुडघा बरा हाय. सोमवारच्या पहिल्या गाडीनं निगतो, दुपारपतोर वस्तीच्या फाट्यावर उतरंन. घ्यायला येऊ नको. जोड संगं आनतोय, झुंबरबाईला आन सगळ्यांना दाखवायला, कुनी केला ते. कडूला म्हनावं, च्या ठेवू नको. आधी काकासाहेबाच्या ओट्यावर जातो. त्यांनी बसा म्हनलं न्हाई तर उभ्यानंच बोलंन.

मामा